गार्डाचा डबा कुठं लावायचा

हळ्ळीखेड (बी)
२ ऑगस्ट २०२४

तुझ्या आज्ज्याला इंजिनाच्या बुडाला नेऊन बसवायची अक्कल तुला कुणी दिली? एकतीस वर्षं त्या माणसानं मालगाडीच्या शेपटाला बसून नोकरी केली. गार्ड भीमराज म्हणलं की वाडीच्या स्टेशनात कुत्रं बी शेवटच्या डब्याकडं बघायचं. अन् तू तिकडं जर्मनीत खेळण्यातली मालगाडी केलास, त्यात नखाएवढं बाहुलं केलास, त्याला आज्ज्यासारख्या मिशा काढलास, इथपर्यंत ठीक हाय. मग डबा इंजिनाला कामून चिकटवलास?

जय भीम. मी बरी हाय. तुझा आज्जा बरा न्हाई, ते खाली लिहिते.

तू फोनवर फोटू पाठवलास तवा म्हातारा कट्ट्यावर बसला व्हता. त्याला दिसत न्हाई हे तुला माहीत हाय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. म्हणून फोन चन्नबसप्पानं बघितला. चन्नबसप्पा म्हणजे इंजिनाचा डायवर, जल्मभर पुढं बसलेला. यानं मागनं झेंडी दाखवायची अन् त्यानं पुढनं शिट्टी मारायची, असं दोघांचं एकतीस वर्षं चाललं. तो फोटू बघून सगळ्या कट्ट्यासमोर म्हणला, "भीमराज, रिटायर झाल्यावर का व्हईना, आलास बघ माझ्या मागं. अजून जरा सरक म्हणजे कोळसा बी टाकशील."

म्हातारा उठला अन् तडक घरी आला. म्हणजे त्याला वाटलं घरी आला. गेला शेजारच्या बसम्माच्या घरात, तिच्या चुलीपाशी बसला अन् म्हणला, "इंदिरे, च्या टाक." तिनं टाकला बी. पिऊन झाल्यावर मग समजलं त्याला, साखर जास्त पडली म्हणून.

तवापासनं एकच धरून बसलाय. डबा शेवटाला गेल्याबिगर डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार न्हाई. म्हणतो, "नीट दिसून काय बघू, ह्येच का?" बीदरच्या डॉक्टरनं अकरा नोव्हेंबरची तारीख दिलीय. त्याच्या म्होरं गेलं तर डोळे वाचत न्हाईत म्हणून बजावलंय.

फोनवर बोलणार न्हाई मी. म्हातारा फोन स्पीकरवर टाकतो, मग आपल्या घरचं अर्ध्या हळ्ळीखेडला ऐकू जातंय. दुसरी शिकलेली हाय, लिहिता येतंय मला. तू बी कागदावरच लिही. मला पाहिजे तेवढंच मी त्याला वाचून दाखवीन.

काम पाच मिनटाचं हाय. दोन बोटांनी डबा उचलायचा अन् शेवटाला ठेवायचा. ठेवलास की कळव.

इंदिराबाई

•

कासेल
१९ ऑगस्ट २०२४

आज्जीस सविनय जय भीम.

पत्र मिळालं. आज्ज्याला राग येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याच्या मानासाठीच ते बाहुलं केलं होतं. मिशा काढायला तीन केसांचा ब्रश आणला आणि दोन रात्री घालवल्या.

पण डबा मला मागे लावता येत नाही. का, ते सांगतो.

इथे आमचं एक मंडळ आहे. तेरा माणसं, त्यातले बारा म्हातारे आणि मी. सगळे छोट्या रेल्वेगाड्या करतात. नियम एकच: खऱ्या गाड्या जशा होत्या, तशाच करायच्या. माझी मालगाडी एकोणीसशे अठ्ठावन्न सालची आहे. त्या काळी जर्मनीत मालगाडीचा गार्ड शेवटी बसतच नव्हता. त्याचा डबा इंजिनाच्या लगेच मागे असायचा. सामानडबा म्हणायचे त्याला. गाडीची सगळी कागदपत्रं त्यात, किरकोळ सामान त्यात आणि गार्डही त्यात. वर छपरावर काचेची लहान खोली, तिच्यात उंच खुर्ची. बसून पूर्ण गाडीवर नजर ठेवायची. आत लिहायला टेबल, कागदांसाठी खण, थंडीत शेकायला लोखंडी शेगडी, एका बाजूला संडास. कुणी कुत्रा पाठवला तर त्याच्यासाठीही कप्पा होता.

मंडळाचे प्रमुख ब्रोकमान म्हणून आहेत. वय चौऱ्याहत्तर. त्यांचे वडील असल्याच डब्यात गार्ड होते. ते भिंग आणि पट्टी घेऊन गाडी तपासतात. मागच्या महिन्यात एकाने ब्रेकच्या दांड्याला चुकीचा लाल रंग दिला, तर त्याची गाडी उचलून खोक्यात ठेवली. माझं उमेदवारीचं वर्ष चालू आहे. तीस नोव्हेंबरला प्रदर्शन आहे, त्यात माझी गाडी पास झाली तर मी कायमचा सभासद. डबा मागे दिसला तर गाडी बाहेर आणि मीही बाहेर.

तू म्हणशील, खेळण्यापायी एवढं काय. आज्जी, तीन वर्षं झाली मला इथे येऊन. गुरुवारी संध्याकाळी मी आलो नाही तर "राजपाल कुठे आहे" असं विचारणारी एवढीच जागा आहे.

आज्ज्याला समजाव. डोळ्यांचं थांबवू नका.

तुझा
राजपाल

•

हळ्ळीखेड (बी)
५ सप्टेंबर २०२४

संडास?

हे आधी कामून लिहिलं न्हाईस? पयल्या वळीत लिहायचं ते तू शेगडीच्या खाली दडपून लिहिलास. एकतीस वर्षं तुझा आज्जा बिनसंडासाच्या, बिनदिव्याच्या डब्यात बसून वाडी-सोलापूर करत व्हता. डबा असा उडायचा की भाकरी ह्या हातातनं त्या हातात जायची. मधी गाडी अडकून पडली की आठ-आठ तास रानात. त्या रानातल्या बाभळी त्याला वळखत्यात. अन् तिकडं कुत्र्याला बी खोली! मी तर म्हणते लाव तसलाच डबा, कुठं लावायचा तिथं लाव, इंजिनाच्या डोक्यावर लाव.

तेवढा भाग मी म्हाताऱ्याला वाचून दाखवला. तर म्हणला, "संडास असंल. जागा चुकीची हाय."

मी म्हणलं कामून चुकीची? तर त्यानं सांगितलं. सत्त्याऐंशी साली सिमिटाची गाडी घेऊन वाडीतनं निघालेला, चढावर दोन डबे जोडणारं मधलं कपलिंग तुटलं. इंजिन अर्धी गाडी घेऊन म्होरं गेलं, चन्नबसप्पाला पत्ताच न्हाई. मागचे अकरा डबे उलटे उताराला लागले. शेवटच्या डब्यात हा एकटा. हाताचं ब्रेकचं चाक फिरवत बसला तळव्याची कातडी निघंस्तोर, तवा कुठं डबे थांबले. म्हणतो, "म्होरं बसलो असतो तर ते डबे कुणी धरले असते? त्या जर्मनीतल्या कुत्र्यानं?"

ते डबे सुटून कुठं आले असते? वाडीच्या स्टेशनात. अन् त्या वक्ताला वाडीच्या स्टेशनात उकडलेल्या शेंगा विकत कोण बसायची? मी. सदतीस वर्षांत ह्या माणसानं मला हे सांगितलं न्हाई. परवा सांगितलं, ते बी भांडणात. मला वाटायचं हाताला पट्ट्या बांधून आला तो कुठंतरी पडला आसंल. त्यावर मी त्याला बोलले बी व्हते, चालताना बघत जा म्हणून.

तवा आता असं हाय. डबा कुठं बी लाव म्हणलेलं मी मागं घेते. शेवटाला लाव.

तुझ्या त्या मंडळाचं मला कळत न्हाई. बारा म्हातारे भिंग घेऊन लाल रंगावर भांडायलेत, त्यांना घरी दळण आणायला कुणी सांगत न्हाई का? पण गुरुवारचं लिहिलास ते वाचलं. ते मी म्हाताऱ्याला वाचून दाखवलं न्हाई.

म्हातारा काल म्हशीला धडकला अन् तिला म्हणला, "माफ करा बाई." आज सकाळी दाढी करताना मिशीची एकच बाजू उडवली. आता दुसरी बी काढून टाक म्हणलं तर म्हणतो, "असू दे, दिसतंय कुणाला." गल्लीला दिसतंय.

इंदिराबाई

•

कासेल
२२ सप्टेंबर २०२४

आज्जी,

जय भीम. सत्त्याऐंशीची गोष्ट मी गुरुवारी मंडळात सगळ्यांना सांगितली. ब्रोकमाननी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "मोठा माणूस." मला वाटलं जिंकलो. मग भिंग परत उचललं आणि म्हणाले, "पण डबा पुढेच."

त्यांचंही म्हणणं सांगतो. त्यांच्याकडे प्रत्येक डब्याला हवेचा ब्रेक होता, इंजिनापासून शेवटापर्यंत एकच नळी. कपलिंग तुटलं की नळीही तुटते आणि सगळे डबे आपोआप जागेवर थांबतात. म्हणून मागे माणसाची गरज नाही. शेवटच्या डब्याला लाल दिवे लावायचे, आणि प्रत्येक स्टेशनातला माणूस ते दिवे बघून म्हणायचा, गाडी पूर्ण आली. पुढे पुढे तर त्यांनी सामानडबाच काढून टाकला. इंजिनाला जी कोळशाची गाडी जोडलेली असते, तिच्यातच गार्डाला एक खोली करून दिली. हे आज्ज्याला वाचून दाखवू नको.

माझी एक विनंती आहे. आज्ज्याला दिसत नाही. तू नुसतं सांग ना, की राजपालने डबा मागे लावला. ऑपरेशन झाल्यावर बघू काय करायचं ते.

राजपाल

•

हळ्ळीखेड (बी)
८ ऑक्टोबर २०२४

खोटं बोलायला आज्जीला म्होरं करतोस, लाज न्हाई? बोलले मी. धरलं गेलं.

मी म्हणलं, "राजपालनं लावला डबा मागं." म्हातारा म्हणला, "फोटू?" मी म्हणलं, "तुला कुठं दिसतंय?" तो म्हणला, "मला न्हाई, चन्नबसप्पाला दिसतंय." गेला फोन घेऊन. चन्नबसप्पानं तोच जुना फोटू बघितला अन् म्हणला, "भीमराज, तू अजून माझ्याच मागं हाईस." झालं. आता तो जेवायला बी सगळ्यात शेवटी बसतो. म्हणतो, "मी शेवटाचा डबा, शेवटीच येणार." मी भांडी घासून मोकळी व्हायची का ह्याची वाट बघत बसायची?

आता ध्यान देऊन वाच. मी इचार केला.

मी बारा वर्षं वाडीला शेंगा विकल्या. तिथं हैदराबादकडनं येऊन रायचूरला जाणारी गाडी तोंड फिरवायची. फिरवायची म्हणजे गाडी हालत नसायची, डबे जाग्यावरच. नुसतं इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरनं पार दुसऱ्या टोकाला जायचं अन् तिकडनं लागायचं. मग म्होरचा डबा मागचा व्हायचा. आतली माणसं खिडकीतनं डोकं काढून वरडायची, आम्ही उलटं कामून चाललोय म्हणून. त्या वरडण्यात माझ्या शेंगा खपायच्या.

तवा तू डब्याला हात लावू नको. इंजिन काढ अन् दुसऱ्या टोकाला लाव. डबा आपोआप शेवटाला. तुमच्या जर्मनीत गाड्या कधी माघारी येत न्हाईत का? का नुसत्या जात्यातच?

ब्रोकमानला इचार. त्याच्या बापाला इंजिनवाल्यानं कधी तरी असं शेवटाला टाकलंच असंल. न्हाई म्हणला तर खोटं बोलायलाय म्हणून समज.

इंदिराबाई

•

कासेल
२७ ऑक्टोबर २०२४

आज्जी, आज्जी, आज्जी!

तुझं पत्र मी ब्रोकमानना तोंडी जर्मन करून ऐकवलं, शेंगांसकट. ते उठून घरी गेले. मला वाटलं सभासदत्व गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता माझ्या दारात उभे, बगलेत फाईल, त्यात वडिलांच्या वेळचे फोटो. एका फोटोत लहानसं स्टेशन आहे, जिथे रूळ संपतो. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागलंय आणि सामानडबा राहिलाय शेवटाला! पुढे थोडंच अंतर जायचं असलं की डबा हलवायची तसदी घ्यायचे नाहीत. ब्रोकमानना ते माहीत होतं, फक्त आठवायचं नव्हतं. म्हणाले, "असं झालं की वडील घरी येऊन फार चिडायचे."

आता माझ्या गाडीसाठी आम्ही रूळ संपणारं स्टेशन बांधतोय. गाडी जाताना डबा पुढे, येताना मागे. दोन्ही खरं. ब्रोकमाननी सही केली.

आज्ज्याच्या फोनवर व्हिडिओ पाठवतोय, पण फक्त येतानाचा. जातानाचा आहे हे कुणालाही सांगू नको.

अकरा तारीख चुकवू नका.

राजपाल

•

कासेल
१४ नोव्हेंबर २०२४

आज्जी,

ऑपरेशन झालं का? चार वेळा फोन केला. एकदा आज्ज्याने उचलला, "हां" म्हणाला आणि ठेवून दिला. तो "हां" मला बरा वाटला नाही. काय झालं ते कळव.

राजपाल

•

हळ्ळीखेड (बी)
२८ नोव्हेंबर २०२४

तो व्हिडिओ काढणारा हात कुणाचा व्हता रे? इंजिन तेवढं झाकता आलं न्हाई?

ऑपरेशन झालं. उजवा डोळा. चांगला झाला, नको तेवढा चांगला झाला.

क्रमानं सांगते. तुझा व्हिडिओ आला. म्हाताऱ्यानं फोन चन्नबसप्पाकडं दिला. त्यानं एकदा बघितला, दुसऱ्यांदा बघितला, माझ्याकडं बघितलं, अन् म्हणला, "शेवटालाच हाय. माझ्या पेन्शनीची आण." त्याच दिवशी म्हातारा पिशवी भरून बसला. अकराला बीदरला नेलं, बाराला पट्टी काढली. पयलं मला बघितलं. म्हणला, "तू म्हातारी झालीस." मी म्हणलं, आरसा आणू का?

घरी आला अन् व्हिडिओ लावला. त्याच्या तोंडावर कसलं हसू! अर्धी मिशी वर गेली. मग हसू थांबलं. फोन डोळ्यापाशी नेला. म्हणला, "इंदिरे, इंजिन उलटं हाय."

मी म्हणलं कसलं उलटं, नीट तर चाललंय. म्हणला, "कोळशाची गाडी म्होरं हाय अन् इंजिनाचं तोंड डब्यांकडं. म्हणजे त्या टेशनात इंजिन फिरवायचं गोल चक्कर न्हाई. म्हणजे ही गाडी माघारी यायलीय. मग जाताना माझा डबा कुठं व्हता?"

मी चूल फुंकायला लागले. गॅस हाय घरात, तरी फुंकायला लागले.

त्यानं ट्रंकेतनं तुझी सगळी पत्रं काढली अन् एका डोळ्यानं वाचली. तुझी बी अन् तुला लिहायच्या आधी मी कच्चं खरडून बघितलेले माझे कागद बी. म्हशीचं वाचलं, मिशीचं वाचलं. कोळशाच्या गाडीतली खोली वाचली तवा पाणी मागितलं. तुझं गुरुवारचं बी वाचलं. ते दोनदा वाचलं.

मग गेला कट्ट्यावर. मी मागनं गेले, मारामारी झाली तर एक डोळा वाया जाईल म्हणून. चन्नबसप्पाला म्हणला, "तू डायवर. तुला दिसलं न्हाई इंजिन उलटं हाय ते?" चन्नबसप्पा म्हणला, "दिसलं की. पयल्यांदाच दिसलं. पण तू आंधळा राहिलास तर मी हितं भांडू कुणासंगं? ह्या बाकीच्यांना रेल्वेतलं काय कळतंय?" त्यावर दोघं अंधार पडंस्तोर भांडले. गोल चक्कर कुठल्या टेशनात व्हतं अन् कुठल्या न्हाई, ह्याच्यावर.

आता तुझं. तुला वाटत आसंल तो तुझ्यावर चिडलाय. चिडलाय, पण डब्यापायी न्हाई, झाकल्यापायी. म्हणतो, नातवानं लबाडी केली ती केली, पण गाडी खरी केली. येताना मागं, हे बरोबर. तीस तारखेला गाडी पळव म्हणतो, जाताना बी पळव, झाकू नको, बाहुलं बी काढू नको. हे पत्र तुला तवर मिळणार न्हाई म्हणून तेवढं तो उद्या फोनवर स्वतः सांगणार हाय. स्पीकरवर. गल्लीनं काय ऐकायचं ते ऐकू दे.

पण डावा डोळा अडवून धरलाय त्यानं. वीस जानेवारीची तारीख हाय. म्हणतो, मला एका गोष्टीचं उत्तर पाहिजे, त्याबिगर टेबलावर झोपणार न्हाई. बाजूला बसलाय अन् मी काय लिहिते ते वाचायलाय. कान्याला बोट लावून चूक बी दाखवली आत्ता. तवा त्याचंच त्याच्या शब्दांत लिहिते:

"ब्रोकमानसाहेब, जय भीम. कपलिंग तुटलं तर तुमची नळी डबे थांबवते, मान्य केलं. लाल दिवे बघून टेशनवाला सांगतो गाडी पूर्ण आली, ते बी मान्य. पण मागनं तिसऱ्या डब्याच्या चाकाचा आस तापला, त्यातनं धूर निघायला लागला, अन् गाडी वळणावर न्हाई, सरळ रुळावर हाय. मधी चाळीस डबे. तुमचे वडील म्होरं काचेच्या खोलीत बसलेले. त्यांना कळायचं कसं? मी भांडायला इचारत न्हाई. मला वास यायचा. त्यांना काय यायचं?"

बस. एवढंच. हे इचारून झाल्यापासनं त्याला झोप न्हाई, अन् मला तर अजिबात न्हाई. तो रातचा उठून म्हणतो, "कदाचित आरसा आसंल."

तवा ध्यानात ठेव. ह्याचं उत्तर ब्रोकमाननं द्यायचं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या भाषेत. बापाला इचारलेलं काही आठवत आसंल तर ते लिहायचं, आठवत नसंल तर माहीत न्हाई म्हणून लिहायचं. तू खाली मराठी उतरव अन् गप बस. तुझं मत कुणी मागितलेलं न्हाई. वीस जानेवारीच्या आत कागद हितं पोचला पाहिजे, अन् त्याच्यावर सही तुझी दिसली तर मी तो न वाचता माघारी पाठवीन.

इंदिराबाई